दोन चाकांचा जोर, चार चाकांचा तोरा

मोटारीला चाके चार असली, तरी त्यांपैकी इंजिनाचे ऐकणारी किती, हा वेगळा प्रश्न आहे. बहुतेक मोटारींत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो आणि उरलेली दोन निमूटपणे गडगडत जातात. या मांडणीला टू व्हील ड्राइव्ह किंवा बोलण्यात ‘फोर बाय टू’ म्हणतात. चारही चाकांना जोर मिळाला की ती ‘फोर बाय फोर’. पहिला आकडा एकूण चाकांचा, दुसरा जोर लागणाऱ्या चाकांचा. या दुसऱ्या आकड्यासाठी ठाणे जिल्ह्यात लाखांच्या घरात जादा पैसे मोजले जातात, बापलेकांत अबोला धरला जातो आणि हळदीच्या मांडवात पहाटेपर्यंत वाद रंगतात. रोजच्या वापराला यांतली कोणती गाडी घ्यावी, हे तपासायला भिवंडी तालुक्यातले कोन हे गाव फार सोयीचे आहे. गाडीची जेवढी म्हणून परीक्षा घेता येते, तेवढी तिथला रस्ता घेतो. फक्त ती परीक्षा जाहिरातीत दाखवतात ती नसते.

कोन म्हणजे दुर्गाडी पुलाच्या पलीकडचे गाव. कल्याणहून निघालेला माणूस उल्हास नदीची खाडी ओलांडून कोनला उतरतो आणि पुढे राजनोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्गाला लागतो. नकाशावर हे अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर भरते. घड्याळात ते किती भरेल, हे त्या दिवशी भिवंडीच्या गोदामांत किती कंटेनर रिकामे व्हायचे आहेत यावर ठरते. पुलाच्या कल्याणकडच्या बाजूला गाड्यांचे क्रमांक एमएच ०५ ने सुरू होतात, कोनच्या बाजूला एमएच ०४ ने. खड्ड्यांना मात्र दोन्ही परिवहन कार्यालयांनी सारखीच मान्यता दिलेली दिसते. रस्त्यावर कापडाच्या ताग्यांचे टेम्पो, सरवलीच्या औद्योगिक वसाहतीत निघालेले दुचाकीस्वार, कल्याण स्टेशन गाठायच्या घाईतल्या शेअर रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि या सर्वांच्या डोक्यावरून पाहणारी एखादी काळी थार, असा सरमिसळ प्रवाह असतो. तो वाहतो असे म्हणण्याचा प्रघात आहे.

भूगोलाच्या दृष्टीने हा प्रदेश सपाट. कोनच्या वाहनचालकाच्या वाट्याला येणारा सर्वांत मोठा घाट म्हणजे पुलाची चढण. त्याखालोखाल गोदामांचे रॅम्प आणि मग गल्लीगल्लीत लोकांनी हौसेने घातलेले गतिरोधक. महिंद्र थारचा पुढचा चढणकोन ४१.८ अंश आहे, म्हणजे एवढ्या तिरप्या चढाला ती बंपर न घासता भिडू शकते. एवढा तिरपा चढ कोनमध्ये असलाच तर एखाद्या गतिरोधकाला असेल. पण तो घालणाऱ्याने अंश मोजलेले नसतात आणि ओलांडणाऱ्याला मोजायची शुद्ध राहत नाही.

दोन चाकांच्या गाड्यांतही दोन जाती आहेत. अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. १९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्ग पुढच्या चाकांनी ओढला जाऊ लागला. पुढच्या चाकांवर इंजिनाचे वजन बसलेले असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर त्यांची पकड बरी राहते, मागपर्यंत जाणारा दांडा वाचतो आणि मधल्या सीटवरच्या आत्याबाईंना पाय ठेवायला जागा मिळते. चढावर मात्र गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि मागच्या चाकांची बाजू वरचढ ठरते. याचा पुरावा कोनपासून फार लांब नाही. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत प्रवाशांना वर्षानुवर्षे वाहून नेणाऱ्या ओम्नी व्हॅन मागच्या चाकांच्या, इंजिन ७९६ सीसीचे, आणि आत माणसे कोंबलेली. घाटाची नागमोडी वळणे त्या अशा चढतात की मागून हळूहळू येणाऱ्या फोर बाय फोरच्या मालकाने दुसरीकडे पाहावे.

चारही चाकांना जोर देणे ही कल्पना ऐकायला जेवढी सरळ, तेवढी प्रत्यक्षात नाही. वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी पेटी बसवावी लागते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटते, आणि तोही सर्वांत कमी पकड असलेल्या चाकाला झेपेल तेवढाच. एक चाक चिखलात गेले की ते जागच्या जागी गरगरा फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे तसूभर हलत नाही. सामाईक सातबाऱ्यावर एका भावाने सही अडवली की बाकीच्यांचाही व्यवहार अडतो, त्यातलाच हा प्रकार. फोर बाय फोर गाडीत अशा दोन पेट्या असतात, म्हणजे सही अडवणारे दोन. पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की चारही चाकांची गाडी चार चाकांनिशी अडकते. यावर उपाय म्हणून डिफरन्शियलला कुलूप घालता येते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना असे कुलूप देते. हल्लीच्या काही गाड्या घसरत्या चाकाला आपणहून ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळवतात. खरेदीच्या वेळी ‘फोर बाय फोर आहे का’ हे सगळे विचारतात, ‘कुलूप आहे का’ हे क्वचितच कोणी विचारते. ज्याने विचारले त्याच्याकडे विक्रेता जरा संशयाने बघतो.

थार किंवा जिम्नीसारख्या गाड्यांत गीअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. त्यावर टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो अशा खुणा असतात. फोर-लोमध्ये वेग कमी होतो, जोर बराच वाढतो आणि गाडी गोगलगायीच्या गतीने पण हमखास पुढे सरकते. कोनहून राजनोलीकडे संध्याकाळी निघालेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. फोर-लोचा वेग आणि कोनच्या कोंडीचा वेग यांत फारसा फरक नाही, त्यामुळे हा दांडा इथल्यासाठीच बनवला असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज महागात पडतो. असा दांडा असलेल्या गाड्यांत फोर-हाय किंवा फोर-लो टाकले की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरायला बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना मात्र मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते. चिखलात ती थोडी घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, त्यामुळे ताण गाडीच्या आतल्या दातेरी चाकांवर चढत जातो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळणावर अडल्यासारखी करते. कंपनीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले असते. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या वेष्टणासह, नव्यासारखी असते.

आता प्रत्यक्ष खड्डा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकून बुजवलेला खड्डा तिसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या मूळ रूपात येतो. फरक एवढाच, की आता त्यात खडी, विटांचे तुकडे आणि राखाडी पाणी असते. एक काळी थार कडेने पुढे घुसायला जाते आणि तिचे मागचे डावे चाक त्यात बसते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो. चाक फिरते, राखाडी पाण्याचा फवारा शेजारच्या रिक्षावर उडतो, गाडी जागेवर. रिक्षातून एक काका खाली उतरतात. अशा वेळी सल्ला द्यायला उतरण्याची या भागात पद्धत आहे.

“फोर बाय फोर टाक ना, भाऊ!”

चालक काच अर्धीच खाली करतो.

“नाय काका, टू व्हील आहे.”

“थार ना ही?”

“थारच आहे. टू व्हीलवाली.”

काका गाडीला एक फेरी मारतात, टायरांकडे पाहतात, मग टपाकडे पाहतात. शेवटी चौघे मागून हात लावतात आणि गाडी बाहेर येते. तिला निघायला लागलेला जोर चार माणसांचा होता, आणि त्यांच्या पायांत स्लिपर होत्या. गाडीच्या छपरावर लावलेल्या चार पिवळ्या दिव्यांचा या कामी काही उपयोग झाला नाही.

या प्रसंगावरून फोर बाय फोरच्या बाजूने निकाल लावण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. जोर कुठे लागतो, हे मुळातून पाहिले पाहिजे. चारही चाकांचा जोर गाडी निघताना आणि निसरड्या जागी पुढे सरकताना कामी येतो. गाडी थांबवताना तो कामी येत नाही, कारण ब्रेक सगळ्याच मोटारींना चारही चाकांवर असतात. मारुती ८०० सुद्धा चार चाकांनी थांबते आणि चाळीस-पन्नास लाखांची फॉर्च्युनर सुद्धा चारच चाकांनी थांबते. उलट जड गाडी थांबवायला ब्रेकला जास्त काम पडते. आता कोनच्या रस्त्यावरचा एक साधारण तास घेतला, तर त्यात निघण्याचे काम किती आणि थांबण्याचे किती? पुढे कंटेनर वळतो म्हणून थांबणे, उलट्या बाजूने दुचाकी येते म्हणून थांबणे, गाय बसली आहे म्हणून थांबणे, गाय उठली आहे म्हणून थांबणे, शेअर रिक्षाला रस्त्याच्या मधोमध प्रवासी दिसला म्हणून थांबणे, पुलाच्या तोंडाशी वाहतूक पोलिसाने हात केला म्हणून थांबणे आणि त्याने हात खाली घेतल्यावर समोरचा निघत नाही म्हणून थांबणे. या रस्त्यावर गाडी घेऊन निघालेला माणूस मुख्यतः थांबायला निघालेला असतो. त्या कामात पंधरा वर्षांची सँट्रो आणि नवी कोरी फोर बाय फोर यांच्यात काहीही फरक नाही. झालाच तर चालकाच्या डाव्या पायात होतो: क्लच जड असेल तर पोटरी लवकर भरून येते. त्यामुळे रोजच्या वापरासाठी चाकांची चौकशी करण्याआधी गाडी ऑटोमॅटिक आहे की नाही याची चौकशी करणे जास्त शहाणपणाचे. पण ऑटोमॅटिक म्हटले की काही काकांना ती बायकांची गाडी वाटते, आणि तेच काका संध्याकाळी पोटरीला बाम चोळत बसतात.

खरा जोर पाहायचा असेल तर त्याच रस्त्यावर जाणाऱ्या कंटेनरकडे पाहावे. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, फक्त त्याच्या मागे अडकतात. मालासह चाळीस टनांच्या घरात भरणाऱ्या कितीतरी ट्रेलरांच्या पुढच्या भागाला, म्हणजे घोड्याला, फोर बाय टू मांडणी असते. एकूण अठरा टायर, पण त्यांतले इंजिनाने फिरणारे फक्त चार, तेही एकाच आसावर. उरलेले चौदा ओझे वाहतात आणि निमूटपणे मागून येतात. असा ट्रेलर पावसाळ्यात कोनच्या खड्ड्यांतून दिवसभर ये-जा करतो, आणि पकड कमी पडली म्हणून त्याने फोर बाय फोरची मागणी केल्याचे ऐकिवात नाही. वजन जोर लागणाऱ्या चाकांवर बरोबर पडले की दोन चाके पुरतात. सहा चाकांतल्या चार चाकांना जोर असलेले डंपरही याच रस्त्यावर असतात. चिखल तुडवण्यात थारपेक्षा कैक पटींनी सरस. त्यांच्याशेजारी उभे राहून कोणी रील काढत नाही. कल्याणच्या लोकलचेही तेच. बारा डब्यांतल्या थोड्याच डब्यांखाली मोटर असते, बाकीचे नुसते ओढले जातात. आपण बसलो आहोत तो डबा ओढणारा की ओढला जाणारा, याची सकाळच्या आठ चोपन्नला कोणी चौकशी करत नाही. बसायला मिळाले एवढे पुरे.

पावसाळ्यातल्या तुंबलेल्या पाण्यात तर प्रश्न चाकांचा राहतच नाही, नाकाचा होतो. गाडी पाण्यातून किती खोल जाऊ शकते, हे इंजिन हवा कुठून ओढते त्यावर ठरते. थारसाठी ही मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर सांगितली जाते. त्याच्या वर पाणी गेले आणि इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले, की पाणी दाबले जात नसल्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅरेजवाला हात पुसत बाहेर येतो. चारही चाकांना जोर होता, ही सांत्वना त्या वेळी कोणाला पुरत नाही. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू करून इंजिन बिघडवले, तर साध्या विमा पॉलिसीत सहसा भरपाई मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. फोर बाय फोरचे जादा पैसे देणाऱ्यांत ही काही हजारांची जोड नाकारणारे पुष्कळ असतात, कारण ती बाहेरून दिसत नाही.

उल्हासच्या पाण्याचा अनुभव तर कोणालाही नम्र करणारा आहे. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान याच नदीच्या पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. तेच पाणी पुढे कोनच्या खाडीत येते. जिथे अख्ख्या रेल्वेगाडीला बोटीची वाट पाहावी लागली, तिथे चौथ्या चाकाच्या जोराची प्रतिष्ठा ती काय. या परिसराला हे तसे जुनेच ठाऊक आहे. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आले आणि दुर्गाडीच्या खाडीकाठी शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली असे परंपरा सांगते. म्हणजे वाहनांच्या बाबतीत इथे झालेला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय चाकांशिवायचाच होता.

भारतात चार चाकांच्या जोराची गोष्ट जीपपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत जन्मलेली विलीज जीप महिंद्रने स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुळवायला घेतली, आणि पुढची काही दशके मामलेदार, फॉरेस्ट, इरिगेशन आणि पोलीस एवढ्यांनाच चारही चाकांवर हक्क होता. १९८५ ला मारुतीची जिप्सी आली, ती लष्करात रमली. सामान्य माणसाला हा जोर मोहात पाडू लागला तो थारमुळे. पहिली थार २०१० ची. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीला आलेली नवी थार तर फक्त फोर बाय फोरच मिळत असे. मग जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मागच्या दोन चाकांची थार आणली, किंमत ९.९९ लाखांपासून. चेहरा तोच, खांदे तेच, मागे टांगलेले टायर तेच. दोन चाके तेवढी निवृत्त. लोकांनी ती अशा उत्साहाने घेतली, की इतकी वर्षे चार चाकांच्या जोरावर जीव टाकणाऱ्यांचा जीव नेमका कशावर होता, हे कळून चुकले.

या दोन चाकांच्या डिझेल थारमागे चिखलाचा नव्हे, कराचा हिशेब होता. तिचे इंजिन १४९७ सीसीचे, तर फोर बाय फोर डिझेलचे २१८४ सीसीचे. दोन्हींची लांबी चार मीटरच्या आत, पण लहान डिझेल गाडीच्या सवलतीसाठी इंजिनही १५०० सीसीच्या आत असावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यात लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर असतो, आणि तो डिझेलवर पेट्रोलपेक्षा जास्त. म्हणजे गाडीला किती चाकांचा जोर असावा हा प्रश्न सह्याद्रीच्या उतारांनी नाही, नवी दिल्लीत टक्केवारी ठरवणाऱ्यांनी बराचसा सोडवून टाकला. मालकाला हे कोणी विचारले तर तो मायलेजचे कारण सांगतो. ते कारणही खोटे नाही. फोर बाय फोरला ट्रान्स्फर केस, पुढचे डिफरन्शियल आणि जादा दांडा असे सामान वाहावे लागते. साधारण एक धट्टाकट्टा पाहुणा गाडीत कायम बसलेला असल्यासारखे, आणि तो टोलनाक्यावरही उतरत नाही. टायरही चारी एकदम बदलावे लागतात, कारण झिजलेले आणि नवे टायर मिसळले की चाकांचा घेर बदलतो आणि आतली चाके एकमेकांशी भांडू लागतात.

खर्चाच्या या हिशेबात पसंतीच्या नंबराचा उल्लेख टाळता येत नाही. राज्य सरकारने २०२४ साली अशा नंबरांचे शुल्क वाढवले; चारचाकीच्या ०००१ साठी आता लाखांत पैसे पडतात. हा नंबर गाडीला चिखलातून बाहेर काढत नाही, पुलावर पुढेही काढत नाही, तरी त्याच्या खर्चाबद्दल घरात कुरकुर होत नाही. तीच मंडळी ‘फोर बाय फोर कशाला, पैसे जास्त झालेत का’ म्हणून मुलाला ऐकवतात. हळदीच्या रात्री मांडवाबाहेर गाड्या तिरप्या लावलेल्या असतात, त्यांच्यामध्ये उभे राहून मामा भाच्याला विचारतात, “फोर बाय फोर हाय ना रे?” भाचा होकार देतो. त्या गाडीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते कोणी वाकून पाहत नाही. तेवढ्यात डीजेचा आवाज चढतो आणि विषय बाजूला पडतो. मिरवण्याच्या खर्चात बंपरही येतो. त्याला लोखंडी बार बसवण्याला केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात हरकत घेतली, तरी काही गाड्यांची दात दाखवण्याची हौस कमी झालेली नाही. कोनच्या कोंडीत या बारचा उपयोग समोरच्या टेम्पोच्या मागे लिहिलेली शेरोशायरी जवळून वाचण्यापुरता होतो.

फोर बाय फोरची खरी गरज असणारे वाहन या परिसरात आहे, पण ते हळदीला आणत नाहीत. ते ट्रॅक्टर. आषाढात भाताच्या खाचरात चिखलणी चालू असताना दोन चाकांचा ट्रॅक्टर रुतायला वेळ लागत नाही. म्हणून त्याला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, नाहीतर चार चाकांचा जोर असलेला ट्रॅक्टर भाड्याने आणतात. तिथे जोर का हवा, किती हवा आणि कुठल्या चाकाला हवा, हे शेतकऱ्याला तासाच्या भाड्यावरून कळते. पण खाचरांच्या जागी गोदामे उभी राहत गेली, तसा हा शहाणपणाचा मोठा साठाही आटत गेला. रुतण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे कोकणचा किनारा. सुट्टीच्या दिवसांत पुळणीवर गाडी घालून ती अडकवणाऱ्यांच्या बातम्या येतात. बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदी असते. भरती येत असताना चारही चाके फिरवत राहिले की वाळू चारही बाजूंनी खचते आणि गाडी दुप्पट वेगाने खाली बसते. मग ट्रॅक्टर नाहीतर बैलगाडी बोलवावी लागते. बैलगाडीला जोर चाकांत नसतो, पुढे असतो.

बर्फाच्या देशांत गोष्ट वेगळी आहे. मिशिगन किंवा टोरांटोला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला नोव्हेंबर ते मार्च चारही चाकांचा जोर खरोखर उपयोगी पडतो. पण तिथले जाणते रहिवासीही आधी हिवाळी टायर घालायला सांगतात, कारण बर्फावर थांबायचे असते तेव्हा चौथ्या चाकाचा जोर धावून येत नाही, टायरच येतो. ‘अमेरिकेत सगळ्यांकडे ऑल व्हील आहे’ असे कोनमधल्या भावाला फोनवर सांगताना हा तपशील गळतो. टायरची ही गोष्ट इथेही लागू आहे. कोनहून अवघ्या काही किलोमीटरवर आमणे येथे समृद्धी महामार्गाचे टोक आहे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर सलग झाले. त्या काँक्रीटवर दोन चाकांचा जोर पुरून उरतो; तिथे बिघडतो तो टायर. कमी हवेचा, जुना, उन्हात तापलेला. टायरची हवा तपासायला चार मिनिटे लागतात आणि त्यात मिरवण्यासारखे काही नसते, त्यामुळे ते काम बहुधा राहून जाते.

या सगळ्याचा रोजच्या वापरापुरता निष्कर्ष सोपा. कल्याणला नोकरीला जाणे, मुलांना शाळेत सोडणे, महिन्यातून एकदा गावी आणि वर्षातून एकदा शिर्डीला, एवढाच ज्याचा कार्यक्रम आहे त्याला दोन चाकांची गाडी पुरते; पुढच्या चाकांची असली तर आणखी बरे, कारण मागे सामानाला जागा राहते. बाकीच्या पैशांत टायर, ब्रेक आणि विम्याची जोड. ज्याचे शेत, फार्महाऊस किंवा खाण खरोखर कच्च्या वाटेच्या टोकाला आहे, त्याने फोर बाय फोर घ्यावी आणि कुलूप असलेली घ्यावी. ज्याला नुसती घ्यायचीच आहे, त्याने घ्यावी. त्याला कारणे विचारू नयेत, कारण तो ती तयार करील आणि ऐकवील.

घेतलीच तर तिची काळजी घ्यावी लागते. चारही चाकांचा जोर महिनोन्महिने न टाकता ठेवला तर आतले तेल सगळीकडे पोचत नाही आणि दांडा घट्ट होतो. त्यासाठी बऱ्याच पुस्तिका अधूनमधून, मोकळ्या किंवा निसरड्या जमिनीवर, थोडे अंतर फोर बाय फोरमध्ये चालवायला सांगतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र नेमकी उलटी गोष्ट गुण म्हणून सांगितली जाते: सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, फोर बाय फोर एकदाही टाकलेले नाही. ऐकणाऱ्याला ती गाडी कुमारिकेसारखी वाटते आणि तो दहा-वीस हजार जादा मोजायला तयार होतो. जाणता मेकॅनिक हे वाक्य ऐकले की दांडा आधी हलवून बघतो. खरे तपासायचे तर गाडी कच्च्या जमिनीवर न्यावी, फोर-हाय टाकावे, डॅशबोर्डवर दिवा लागतो का पाहावे, सरळ काही मीटर चालवावे आणि खालून कडकड ऐकू येते का ते ऐकावे. डांबरावर ही चाचणी घेऊ नये, त्यात गाडी विकण्याआधीच खराब होते. कोनमध्ये अशी मोकळी कच्ची जमीन शोधायला निघावे, तर एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला गोदामाची भिंत, आणि मधल्या मातीवर ट्रक धुण्याचे सेंटर. तिथे जमीन ओली, निसरडी आणि चाचणीला उत्तम असते. सेंटरवाला मात्र आधी गाडी धुऊन घ्यायला लावतो, त्याचे पैसे वेगळे.